पेडण्यात स्वतःच्या घरात राहून दोन खोल्या पाहुण्यांना देतो, नोंदणीसाठी सगळ्या भावकीच्या सह्या आणायच्या?

माडाखालची

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

आम्ही पेडणे तालुक्यात राहतो, हरमलच्या अलीकडे. समुद्र चालत दहा मिनिटं. घर आजेसासऱ्यांनी बांधलेलं, मातीच्या जाड भिंती, मंगलोरी कौलं, पुढे तुळस, मागे आठ माड. घरात मी, नवरा, सासूबाई आणि दहावीतला मुलगा. मागच्या पडवीला लागून दोन खोल्या होत्या ज्यात पूर्वी सरपण आणि नारळ पडलेले असायचे, त्या २०१९ मध्ये नवऱ्याने साफ करून संडास-बाथरूम काढलं, पंखे लावले आणि आम्ही पाहुणे घ्यायला लागलो. दिवसाला १,८०० रुपये, त्यात सकाळचे पोळे आणि चटणी. पोळे सासूबाई घालतात आणि पाहुणे तव्यासमोर उभे राहून व्हिडिओ काढतात, त्यांना आता सवय झालीय, पदर सारखा करून घेतात आधी.

हंगामात बरं चालतं, पावसात शून्य. मुलाची क्लासची फी आणि सासूबाईंची औषधं एवढं निघतं, बंगला नाही बांधला कोणी.

आता मुद्दा. गोव्यात पर्यटकांना राहायला जागा दिली, मग ती दोन खोल्यांची का असेना, तर १९८२ च्या टुरिस्ट ट्रेड कायद्याखाली नोंदणी लागते. हे आम्हाला माहीत नव्हतं असं म्हणणार नाही, माहीत होतं, पण सगळे तसेच चालवत होते तर आम्हीही. आता हडफड्याच्या त्या क्लबच्या आगीनंतर, डिसेंबर २०२५ मध्ये २५ माणसं गेली तिथे, सगळीकडे परवाने विचारायला लागलेत आणि ज्या ॲपवरून आमचे निम्मे पाहुणे येतात तेही नोंदणी नंबर टाका म्हणतंय. म्हटलं करून टाकू एकदाचं. फाईल केली, आधार, पंचायतीची घरपट्टी पावती, लाईट बिल, फोटो, सगळं.

तर घरपट्टी आजेसासऱ्यांच्या नावावर. ते १९८६ मध्ये गेले. वन-फोर्टीनच्या उताऱ्यावर, म्हणजे आमच्या गोव्यातल्या सातबारावर, त्यांचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं नाव. म्हणजे कागदावर या घराचे मालक दोन मयत माणसं. काउंटरवरची मुलगी चांगली होती हो, तिने समजावून सांगितलं की वहिनी सगळ्या वारसांची संमती आणा. मी बोटं मोजली, नऊ वारस. घरी येऊन वकील ओळखीचे आहेत त्यांना फोन केला तर ते म्हणाले नऊ नाही, गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक धरतात तेव्हा प्रत्येकाच्या जोडीदाराचीही सही लागेल. अठरा! त्यातले दोघे बेळगावला, तिघे मुंबईत, एक चुलतसासरे आमच्याशी २००४ पासून बोलत नाहीत, कारण विचारू नका, विहिरीचं आहे.

आणि शेजारी काय आहे ते ऐका. आमच्या कुंपणाला लागून जी भाताची जमीन होती तिथे आठ खोल्यांचा व्हिला उभा राहिलाय. मालक गुडगावचे, मी त्यांना दोनदा पाहिलंय. एक केअरटेकर मुलगा असतो, ओडिशाचा, गरीब बिचारा. पण त्यांचे कागद बघाल तर चकाचक, जमीन बिनशेती केल्याची सनद आहे, बांधकाम परवाना आहे, ऑक्युपन्सी आहे, एकाच कंपनीचं नाव आहे, नोंदणी पंधरा दिवसांत झाली म्हणे. ज्यांचं इथे रेशनकार्ड नाही ते कायदेशीर आणि सासूबाई ज्या या घरात १९७१ साली लग्न होऊन आल्या त्या बेकायदेशीर. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "तुळशीकडेन दिवो कोण पेटयता तें विचार म्हणावं त्यांकां."

तर कोणी यातून गेलंय का? अठरा सह्यांशिवाय काही मार्ग? जीएसटी नंबर काढावा लागतो का, नवरा त्यालाच जास्त घाबरलाय. आणि तोपर्यंत पाहुणे घ्यायचे की बंद करायचं?

तारकर्लीचो बाबू

वैनी, गाऱ्हाणा आयकान हसाक पण इला आणि वायट पण वाटला. मराठीत लिहितो नायतर बाकीचे ओरडतील.

आमच्याकडे हे सगळं आधीच होऊन गेलंय. मालवण, तारकर्ली, देवबाग इथे एमटीडीसीच्या न्याहारी-निवास योजनेत लोक खूप वर्षांपूर्वी शिरले, माझ्या वडलांनी पण नोंदणी केली तेव्हा घरात कमोड बसवायला लागला म्हणून आजी आठवडाभर रुसलेली. आमचा सातबारा बघाल तर तुमचे नऊ काहीच नाहीत, आमच्यात तेवीस नावं, अर्धी परळ-लालबागची, गणपतीला येतात आणि हिश्शाची आठवण करून देऊन जातात.

आम्ही केलं ते असं, घराखालच्या जमिनीचा विषयच काढला नाही. घराची असेसमेंट वडलांच्या एकट्याच्या नावावर होती कारण घर त्यांनी नवीन बांधलेलं, आणि बाकीच्यांकडून स्टॅम्प पेपरवर संमती घेतली ज्यात स्पष्ट लिहिलं की ही संमती फक्त पाहुणे ठेवण्यापुरती, हिश्श्यावर हिचा काही परिणाम नाही. हे वाक्य महत्त्वाचं. माणूस सही करत नाही तो पैशासाठी नाही, भीतीने. त्याला वाटतं कागद दिला की घर गेलं. माझ्या आतेभावाने ते वाक्य तीनदा वाचलं, मग चष्मा पुसला, मग सही केली.

तुमचं मात्र घर पण आजोबांचं म्हणजे जरा अवघड.

दुसरं, केंद्राची पण बेड अँड ब्रेकफास्टची योजना आहे, तिच्यात एक ते सहा खोल्या चालतात आणि अट काय तर मालक स्वतः त्याच घरात राहायला पाहिजे. म्हणजे सरकारला ही गोष्ट कळत नाही असं नाही, कागदावर कळते. पण ती वर्गवारी सोन्या-चांदीची आहे, गोल्ड आणि सिल्व्हर, राज्याची नोंदणी त्याने सुटत नाही, तेव्हा त्याच्या नादाने वेळ घालवू नका.

शिवोलीची रहिवासी

सगळे सहानुभूती देतायत तर मी जरा दुसरी बाजू सांगते, राग मानू नका ताई.

मी शिवोलीत फ्लॅटमध्ये राहते. स्वतःचा आहे, चौदा वर्षं हप्ते भरले. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये चोवीस फ्लॅट, त्यात कायम राहणारी कुटुंबं आता सात. बाकी सगळे दिवसाच्या भाड्यावर. गेटच्या ग्रिलला आकड्यांची कुलूपवाली छोटी डबी लटकवलेली असते, तिच्यात चावी. अशा नऊ डब्या आहेत, मी मोजल्यात. रात्री तीनला ज्यांना आकडा लागत नाही ते आमची बेल वाजवतात. सुटकेसची चाकं पेव्हर ब्लॉकवरून जातात तो आवाज मला आता झोपेत पण येतो. एप्रिल-मेमध्ये टँकर मागवावा लागतो, त्याचा खर्च चोवीसांत सारखा वाटला जातो, म्हणजे चार मुलं दिवसातून तीनदा पूलमधून येऊन शॉवर घेतात त्याचं पाणी मी भरते. सोसायटीच्या मीटिंगला कोरम होत नाही कारण मालक बंगळुरूला. ठराव करायचा तर ऑनलाइन येतात आणि आमच्या विरोधात हात वर करतात.

तेव्हा नियम कडक झाले की मला बरं वाटतं. बार्सिलोनाने तर टुरिस्ट फ्लॅटचे दहा हजारावर परवाने २०२८ पर्यंत संपवायचं जाहीर केलंय, मी ती बातमी नवऱ्याला वाचून दाखवली होती. मी पण रहिवासीच आहे आणि मालकीणच आहे. तुम्ही लोक म्हणता "सगळे तसेच चालवत होते तर आम्हीही", ते वाक्य आमच्या वरच्या मजल्यावरचा पण म्हणतो.

माडाखालची

@शिवोलीची रहिवासी, राग नाही. ते वाक्य मी लिहिलं तेव्हाच टोचलं होतं. पण आमच्याकडे डबी नाहीये हो. पाहुणे रात्री तीनला आले तर दार मी उघडते, गाऊनवर शाल घेऊन. आणि कोणी गाणी लावली तर सासूबाई जाऊन उभ्या राहतात, काही बोलत नाहीत, नुसत्या उभ्या राहतात. आपोआप बंद होतं.

शिवोलीची रहिवासी

तुमच्या सासूबाई आमच्याकडे पाठवा महिनाभर 😄 मी पण तेच म्हणतेय बघा, मालक घरात असला की निम्मे प्रश्न येतच नाहीत. माझं भांडण डबीशी आहे.

जर्सीसिटीकर

वाचून राहवलं नाही. हा "मालक घरात आहे की नाही" वाला नियम आमच्या पलीकडे न्यूयॉर्कमध्ये खरंच आणलाय, लोकल लॉ १८, ५ सप्टेंबर २०२३ पासून अंमलबजावणी. तीस दिवसांच्या आतलं भाडं असेल तर शहराकडे नोंदणी, पाहुणे जास्तीत जास्त दोन, मालक त्या वेळी त्याच घरात राहत असला पाहिजे आणि आतल्या दारांना कुलूप नको, पाहुण्याला सगळं घर मोकळं. ऐकायला अगदी तुमच्या सासूबाईंसाठी केल्यासारखा वाटतो ना?

आता माझ्या मावसबहिणीची गोष्ट. क्वीन्समध्ये दोन कुटुंबांचं घर, म्हणजे खाली एक युनिट वर एक, स्वतः वर राहते. खालचं ती आईवडील पुण्याहून आले की त्यांना द्यायची आणि एरवी आठवडा-आठवड्याने पाहुण्यांना, त्यावर हप्त्याचा चांगला भाग निघायचा. नवीन कायद्यात खालचं युनिट हे वेगळं घर धरतात, तिचं राहतं घर नाही. ती वर बसून खालच्याच्या डोक्यावर चालत असली तरी कायद्याच्या हिशेबाने ती "घरात नाही". द्यायचं असेल तर स्वतःच्या मजल्यावरची खोली द्यायची, बिनकुलपाची, घरात स्वतःच्या दोन पोरी असताना. तिने नाही दिली, तुम्ही पण नसती दिली. मग कायमचा भाडेकरू ठेवायचा तर आईवडील सहा महिने आले की त्यांना कुठे ठेवणार. एक-दोन कुटुंबांच्या घरमालकांनी सिटी कौन्सिलकडे आम्हाला वेगळं धरा म्हणून बरीच धडपड केली, ती पण जात असे. तिने शेवटी महिन्याच्या वर राहणारे ट्रॅव्हलिंग नर्स शोधायला सुरुवात केली, तीस दिवसांच्या वर गेलं की तो कायदा लागत नाही.

इकडे जर्सी सिटीत आम्ही २०१९ ला यावर मतदानच केलं, नोव्हेंबरमध्ये, आणि कडक नियमाच्या बाजूने दणदणीत कौल गेला. मी पण त्याच बाजूने मत दिलं कारण आमच्या बिल्डिंगचं शिवोलीसारखंच झालं होतं. बहिणीला हे अजून सांगितलेलं नाही. इथला नियम थोडा शहाणा वाटतो मला, मालक तिथे राहत नसेल तर वर्षाला साठ रात्रींची मर्यादा, आणि मोठ्या बिल्डिंगमध्ये मालक नसताना नाहीच. मर्यादा गैरहजर मालकाला, हजर असणाऱ्याला नाही.

काथ्याकूट

अमेरिकेतलं आलं वाटतं, बघतच होतो कधी येतंय.

आकडेमोड

मी फोंड्याला सीए आहे, अशा बऱ्याच फायली हाताखालून गेल्यात. फुकट सल्ला, फुकटच्या सल्ल्याएवढीच किंमत द्या.

पहिले जीएसटी, कारण साहेब घाबरलेत. घाबरू नका. सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही. १,८०० गुणिले दोन खोल्या गुणिले वर्षाचे सगळे ३६५ दिवस धरले तरी तेरा लाखांच्या आसपास जाईल, आणि तुमचा पावसाळा शून्य आहे. ॲपवरून जी बुकिंगं येतात त्यांचा जीएसटी, तुम्ही नोंदणीकृत नसाल तर, कलम ९(५) खाली ॲपवाला स्वतः भरतो, पाहुण्याकडून घेऊन. ७,५०० पर्यंतच्या खोलीला २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झालाय, आधी १२ होता. तुमच्या खिशातून जात नाही. थेट फोन करून येणाऱ्यांना लावायचाच नाही. आयकरात ॲपवाला टीडीएस कापतो पण पॅन दिलेला असेल आणि त्या ॲपवरची वर्षाची रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर व्यक्तीला तोही नाही. एवढं उत्पन्न रिटर्नमध्ये मात्र दाखवा, लोक तिथेच आळस करतात.

दुसरं, जे तुम्ही विचारलंच नाही आणि जे जास्त धोक्याचं आहे. तुमच्या भागात रशियन पाहुणे येतात. परदेशी माणूस एक रात्र जरी राहिला तरी २४ तासांत सी-फॉर्म भरायचा, म्हणजे त्याची माहिती सरकारला कळवायची, ऑनलाइन. दोन खोल्या असोत की दोनशे. पासपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये ठेवला म्हणजे सी-फॉर्म झाला असं समजणारे मी चिक्कार पाहिलेत. मागची वही काढा, कोणाकोणाचं राहिलंय ते बघा आणि वकिलाला आत्ताच दाखवा.

तिसरं सह्यांचं. तुमचे वकील बरोबर सांगतायत. गोव्याचा वारसाहक्क पोर्तुगीज नागरी संहितेवरून आलेला, आता २०१२ चा स्वतंत्र कायदा आहे, त्यात लग्नाबरोबर अर्धा वाटा जोडीदाराचा होतो, वारशाने आलेलं पण त्यातच. फक्त ज्यांची लग्नं गोव्याबाहेर, बाहेरच्या माणसांशी झाली त्यांचं त्यांचं वेगळं बघावं लागतं, तेव्हा अठराचे चौदा-पंधरा पण होऊ शकतात, यादी करून वकिलाकडे बसा. कायमचा उपाय म्हणजे इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातून वाटणी. पण इन्व्हेंटरीला बसलात तर विहीर पण येईल, माड पण येतील, आणि तुमचे न बोलणारे चुलतसासरे पहिल्या तारखेला बोलायला लागतील. दोन खोल्यांसाठी मी तो रस्ता सांगणार नाही. बाबूने सांगितलं तसं मर्यादित संमतीपत्र करा, "हिश्श्यावर परिणाम नाही" हे वाक्य घालून, नोटरीसमोर, आणि कालावधी टाका, पाच वर्षं म्हणा. मुदत असलेल्या कागदावर माणूस लवकर सही करतो. घरपट्टी मात्र आधी "वारस" म्हणून नवऱ्याच्या नावाने करून घ्यायला पंचायतीत अर्ज द्या, तेवढ्याने मालकी मिळत नाही पण फाईलवर एक जिवंत माणूस दिसतो.

चालू ठेवायचं की नाही ते मी लिहून देणार नाही. अर्जाची पोच घरात ठेवा एवढंच.

तारकर्लीचो बाबू

"फाईलवर जिवंत माणूस" 😂 आकडेमोड साहेब, हे खरं आहे पण. आमच्याकडे एकदा विजेचं थकीत बिल पणजोबांच्या नावाने आलेलं, आजी म्हणाली घेऊन जा त्यांना, सापडले तर.

माडाखालची

दीड महिन्याने लिहितेय, विचारपूस केलीत त्या सगळ्यांना धन्यवाद.

यादी केली वकिलांकडे बसून, अठराचे पंधरा झाले. संमतीपत्र पाच वर्षांचं केलं, ते वाक्य मधोमध ठळक टाइप करून घेतलं. बेळगावच्या दोघी नणंदांनी कुरिअरने पाठवलं, वर लाडू पण. मुंबईच्या दिरांनी व्हॉट्सॲपवर विचारलं की वर्षाला किती मिळतात, मी खरा आकडा सांगितला तर म्हणाले एवढेच? आणि सही केली. ते जरा लागलं पण काम झालं.

पाहुणे या काळात घेतले नाहीत. ॲपवर बंद ठेवलंय. फेब्रुवारी गेला, म्हणजे काय गेलं ते इथल्या किनाऱ्यावरच्यांना कळेल. शेजारचा व्हिला फुल होता, रोज संध्याकाळी आमच्या न्हाणीघराच्या भिंतीतून बेस ऐकू यायचा, भांडी थरथरायची. एका रात्री सासूबाई कुंपणाशी जाऊन उभ्या राहिल्या. पण तिथे अंधारात त्यांना बघणारं कोणी नव्हतं, तो ओडिशाचा मुलगा सोडून. तो येऊन पाया पडला आणि म्हणाला, माई मी सांगितलं त्यांना, ऐकत नाहीत, मालकांचा फोन लागत नाही.

सी-फॉर्मचं आकडेमोड यांनी सांगितलं ते बघितलं, दोन राहिले होते, घाम फुटला. वकिलांकडे दिलंय, आणि आता वहीत पहिल्याच पानावर लाल शाईने लिहून ठेवलंय.

राहिले चुलतसासरे. नवरा जायला तयार नाही, मीच गेले, सासूबाईंना घेऊन. त्यांनी चहा दिला, कागद बाजूला ठेवला आणि तासभर विहिरीवर बोलले. मी कागदाचा विषय काढला नाही. उठताना म्हणाले, मुलगा-सून ठाण्याहून चतुर्थीला येतात, आमच्या घरात आता जागा पुरत नाही, ती मागची पंख्याची खोली चतुर्थीचे पाच दिवस मिळेल का, दर वर्षी. सासूबाईंनी माझ्याकडे न बघताच हो म्हटलं.

सही उद्या देतो म्हणालेत. मी येऊन कॅलेंडरवर ते पाच दिवस लाल केलेत. पोळे पण हवेत का विचारायचं राहिलं.